खुले समीक्षण: शोधनिबंध नावानिशी कसा तपासावा आणि आक्षेपांना जाहीर उत्तर कसे द्यावे

शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात, हे संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्यांनी नेमके कोणते आक्षेप घेतले आणि लेखकाने ते कसे निवारले, हे मात्र संपादकाच्या फाइलीबाहेर सहसा कधी येत नसे. खुल्या समीक्षणात हा सगळा पत्रव्यवहार निबंधासोबत वाचकांसमोर येतो, आणि काही शोधपत्रिकांत समीक्षकाच्या नावासह येतो. हा लेख पीएच.डी. करणाऱ्या किंवा नुकत्याच अध्यापनात आलेल्या अशा संशोधकासाठी आहे, ज्याच्या ईमेलमध्ये अशा समीक्षणाचे पहिले निमंत्रण आले आहे किंवा जो आपला निबंध अशा व्यवस्थेकडे पाठवण्याचा विचार करतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण पुढच्या सगळ्या सूचना तिच्यावर उभ्या आहेत. बंद व्यवस्थेत समीक्षकाचे वाचक दोनच असतात, संपादक आणि लेखक. खुल्या व्यवस्थेत तिसरा वाचक येतो: पाच वर्षांनी तो निबंध उघडणारा एखादा अनोळखी विद्यार्थी, ज्याला या निष्कर्षावर कितपत विसंबावे हे ठरवायचे आहे. त्या तिसऱ्या वाचकाला समजेल असा अहवाल लिहिणे हेच खुल्या समीक्षणाचे खरे काम आहे, आणि नाव उघड होणे ही त्यापुढची दुय्यम बाब आहे.

प्रथम पाहा: नेमके काय खुले आहे?

'खुले' या एका शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या पद्धती चालतात. २०१७ साली टोनी रॉस-हेलॉअर या अभ्यासकाने संशोधन-साहित्य चाळून खुल्या समीक्षणाच्या १२२ व्याख्या गोळा केल्या आणि त्यांतून सात गुणविशेष वेगळे काढले. व्यवहारात त्यांपैकी तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात: समीक्षकाचे नाव उघड होते का, अहवाल प्रसिद्ध होतो का, आणि निमंत्रण नसलेल्यांनाही मत मांडता येते का. एका प्रश्नाचे उत्तर 'हो' असले म्हणून बाकीच्यांचेही तेच असेल असे नाही.

बीएमजे या वैद्यकीय साप्ताहिकाने १९९९ मध्ये समीक्षकांची नावे लेखकांना सांगायला सुरुवात केली, मात्र अहवाल वाचकांसाठी खुले केले ते २०१४ पासून. एम्बो जर्नल ही जीवशास्त्रातली पत्रिका २००९ पासून अहवाल प्रसिद्ध करते, पण समीक्षक अनामिक राहू शकतो. नेचर कम्युनिकेशन्सने २०१६ मध्ये ऐच्छिक ठेवलेली हीच पद्धत नोव्हेंबर २०२२ पासून नव्याने येणाऱ्या निबंधांना सक्तीची केली, आणि जून २०२५ मध्ये नेचरनेही तेच धोरण स्वीकारले. तिथेही नाव देणे समीक्षकाच्या इच्छेवर आहे. वातावरणविज्ञानातल्या अ‍ॅटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स या पत्रिकेत २००१ पासून निबंध आधी चर्चेसाठी मांडला जातो आणि निमंत्रित समीक्षकांखेरीज इतर वैज्ञानिकही त्यावर लिहू शकतात. एफ१०००रिसर्च या ऑनलाइन प्रकाशन-मंचावर तर निबंध प्राथमिक तपासणीनंतर लगेच प्रसिद्ध होतो, समीक्षण त्यानंतर सुरू होते, आणि नाव व अहवाल दोन्ही उघड असतात.

म्हणून निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी पत्रिकेच्या धोरणाचे पान उघडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. नाव कोणाला दिसणार, लेखकाला की सर्वांना? निबंध नाकारला गेला तर अहवालाचे काय होणार? अहवाल कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होणार? आणि संपादकासाठी वेगळी, गोपनीय टिप्पणी लिहिण्याची सोय आहे का? यातला दुसरा प्रश्न बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच पत्रिका फक्त स्वीकारलेल्या निबंधांचे अहवाल प्रसिद्ध करतात; म्हणजे नकाराची शिफारस मान्य झाली तर तो अहवाल वाचकांना कधीच दिसत नाही. एफ१०००रिसर्चवर मात्र प्रतिकूल अहवालही निबंधाशेजारी कायम राहतो.

निमंत्रण स्वीकारावे की नाही

विषय आपला आहे का आणि मुदतीत काम होईल का, हे प्रश्न नेहमीचेच आहेत. हितसंबंधांची तपासणी मात्र इथे अधिक काटेकोर करावी लागते, कारण तुमचे नाव आणि लेखकांची नावे शेजारी-शेजारी छापली जाणार आहेत आणि तुम्ही आणि त्यांनी मिळून पूर्वी लिहिलेला निबंध कोणीही शोधून काढू शकतो. अलीकडच्या काळातले सहलेखन, एकच विभाग, एकच अनुदानित प्रकल्प, गाईड-विद्यार्थी नाते, यांपैकी काहीही असेल तर निमंत्रण नाकारावे किंवा निदान संपादकाला आधी कळवावे.

त्यानंतर नावाचा प्रश्न. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थिनीने आपल्याच क्षेत्रातल्या ज्येष्ठ प्राध्यापकाच्या निबंधावर सही करून गंभीर आक्षेप घ्यावा, आणि उद्या तेच प्राध्यापक तिच्या निवड समितीवर किंवा प्रबंधाच्या परीक्षक मंडळात असावेत, ही शक्यता आपल्याकडे अजिबात काल्पनिक नाही. एकेका विषयातली माणसे मोजकी असतात आणि सगळे एकमेकांना ओळखतात. उपलब्ध पुरावाही हेच सुचवतो. बीएमजेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, नाव लेखकाला कळणार असे सांगितलेल्या समीक्षकांपैकी ३५ टक्क्यांनी काम नाकारले, तर अनामिक गटात हे प्रमाण २३ टक्के होते; अहवालांच्या दर्जात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या पाच पत्रिकांत अहवाल प्रसिद्ध करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा स्वतःचे नाव द्यायला फक्त ८.१ टक्के समीक्षक तयार झाले, असे २०१९ च्या अभ्यासात दिसले.

यावरून माझे मत असे झाले आहे की अहवाल खुला असणे सक्तीचे असावे आणि नाव ऐच्छिक असावे. वाचकाला उपयोग युक्तिवादाचा होतो, आणि युक्तिवाद सहीविनाही तपासता येतो. ज्याला नोकरीची शाश्वती आहे त्याने अवश्य सही करावी. ज्याला ती नाही, त्याने पत्रिकेने मुभा दिली असल्यास अनामिक राहण्यात कमीपणा मानू नये; आणि सही सक्तीचीच असेल व मनात भीती असेल, तर बोथट अहवाल लिहिण्यापेक्षा निमंत्रण नाकारणे अधिक प्रामाणिक आहे.

आणखी एक बाब आपल्या विद्यापीठांमध्ये उघडपणे बोलली जात नाही. निमंत्रण गाईडच्या नावाने येते, निबंध वाचून अहवाल विद्यार्थी लिहितो आणि तो गाईडच्या नावाने जातो. अहवाल प्रसिद्ध होणार असेल तर हा थेट दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या नावे छापण्याचा प्रकार ठरतो. एफ१०००रिसर्चसारख्या ठिकाणी सहसमीक्षक म्हणून दुसरे नाव देण्याची सोय आहे. विद्यार्थ्याने काम सुरू करण्यापूर्वीच, "सर, यात सहसमीक्षक म्हणून माझे नाव देता येईल असे त्यांच्या नियमांत दिसते, आपण संपादकांना तसे कळवू या का?" असे विचारावे. नियमाचा आधार घेऊन विचारलेल्या प्रश्नाने कोणाचा मान दुखावत नाही.

वाचन: आकडे स्वतः जुळवून पाहा

पहिल्या वाचनात निबंधाचा मुख्य दावा एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत लिहून काढावा. तो लिहिता आला नाही तर तोच पहिला आक्षेप असतो. दुसऱ्या वाचनात फक्त पद्धती आणि तक्ते घ्यावेत. प्रस्तावना व चर्चा यांकडे तोवर वळू नये, कारण चांगली लिहिलेली चर्चा कच्ची पद्धती झाकून टाकते.

एक कल्पित उदाहरण बारकाईने पाहू. दोन आश्रमशाळांतल्या प्रत्येकी ६० किशोरवयीन मुलींना सहा महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. पहिल्या शाळेत त्याजोडीला दर आठवड्याला आहार-मार्गदर्शन झाले, दुसऱ्या शाळेत ते झाले नाही. सहा महिन्यांनंतर रक्तक्षय असलेल्या मुली पहिल्या शाळेत १७, म्हणजे ३१.५ टक्के, आणि दुसऱ्या शाळेत २७, म्हणजे ४५.० टक्के, असे तक्ता सांगतो. आता हातात कॅल्क्युलेटर घ्या. ६० पैकी २७ म्हणजे ४५.० टक्के बरोबर आहे. पण ६० पैकी १७ म्हणजे २८.३ टक्के होतात, ३१.५ टक्के येण्यासाठी भाजक ५४ असावा लागतो. म्हणजे पहिल्या शाळेतल्या सहा मुली शेवटच्या मोजणीत नाहीत आणि निबंधात त्यांचा उल्लेखही नाही. त्या सहाही मुलींना रक्तक्षय होता असे धरले तर आकडा ६० पैकी २३, म्हणजे ३८.३ टक्के होतो, आणि दोन शाळांमधला १३.५ टक्क्यांचा फरक ६.७ वर येतो. हे शोधायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, फक्त भागाकार स्वतः करण्याची सवय लागते.

याच उदाहरणात याहून खोल अडचण आहे. मार्गदर्शन मुलींना एकेक करून नव्हे, तर अख्ख्या शाळेला मिळाले, आणि प्रत्येक बाजूला शाळा एकच आहे. मग दिसणारा फरक मार्गदर्शनाचा, की त्या शाळेच्या स्वयंपाकघराचा, की तिथल्या दक्ष अधीक्षिकेचा, हे वेगळे काढण्याचा मार्गच उरत नाही. निबंधात १२० मुली स्वतंत्र मानून केलेली चाचणी कितीही लक्षणीय निघाली तरी ही त्रुटी भरून येत नाही.

मूळ आकडेवारी जोडलेली असेल तर ती फाइल उघडावीच. एफ१०००रिसर्चवर निबंधामागची आकडेवारी उपलब्ध करून देणे अपेक्षित असते आणि समीक्षकाला त्याबद्दल थेट प्रश्न विचारला जातो. फाइल उघडते का, स्तंभांना समजतील अशी नावे आहेत का, ओळींची संख्या निबंधातल्या नमुन्याशी जुळते का, आणि गावाचे नाव, जन्मतारीख अशा तपशिलांवरून एखाद्या सहभागी व्यक्तीची ओळख पटते का, एवढे तरी पाहावे. ओळख पटत असेल तर ते जाहीर अहवालात न लिहिता त्याच दिवशी संपादकाला कळवावे.

अहवाल लिहिताना

सुरुवात निबंधाच्या तीन-चार वाक्यांच्या गोषवाऱ्याने करावी. ही औपचारिकता नाही: लेखकाला त्यावरून कळते की समीक्षकाला त्याचे म्हणणे समजले आहे, आणि तिसऱ्या वाचकाला पुढचे आक्षेप कशाबद्दल आहेत हे कळते. त्यानंतर निबंधातले बळकट काय, ते नेमकेपणाने सांगावे. 'विषय महत्त्वाचा आहे' हे वाक्य कोणत्याही निबंधाला लागू पडते. 'तपासणी एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच उपकरणावर झाल्यामुळे दोन्ही शाळांचे आकडे तुलनीय आहेत' हे फक्त याच निबंधाला लागू पडते.

मुख्य आक्षेप क्रमांक देऊन लिहावेत आणि प्रत्येकात चार गोष्टी असाव्यात: कुठे, काय, त्याने निष्कर्षावर काय परिणाम होतो, आणि लेखकाने काय करावे. अहवाल बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो, पण रचना कळावी म्हणून इथे मराठीत देतो. कमकुवत आक्षेप असा असतो: "नमुना लहान आहे व संख्याशास्त्रीय विश्लेषण सदोष आहे." यावरून लेखकाला काय बदलायचे ते कळत नाही आणि वाचकाला आक्षेप खरा की खोटा ते ठरवता येत नाही. तोच आक्षेप असा लिहिता येतो: "पद्धती विभागानुसार आहार-मार्गदर्शन शाळेच्या पातळीवर दिले गेले आणि प्रत्येक गटात एकच शाळा आहे. त्यामुळे तक्ता ३ मधला फरक मार्गदर्शनामुळे पडला, की दोन शाळांमध्ये आधीपासूनच असलेल्या भेदांमुळे, हे या रचनेतून सांगता येत नाही, आणि फेरविश्लेषणानेही ही अडचण दूर होणार नाही. गोषवारा व निष्कर्षातले 'मार्गदर्शनामुळे रक्तक्षय कमी झाला' हे विधान काढून, दोन शाळांमध्ये फरक आढळला एवढेच म्हणावे आणि ही मर्यादा गोषवाऱ्यात नोंदवावी." लांबी वाढली, पण आता वाद घालायला दोन्ही बाजूंना जमीन मिळाली.

अत्यावश्यक बदल आणि ऐच्छिक सूचना यांची सरमिसळ होऊ देऊ नये. 'हे केल्याशिवाय निष्कर्ष टिकत नाही' आणि 'हे केल्यास निबंध अधिक वाचनीय होईल' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे, आणि नवख्या लेखकाला ते आपोआप कळत नाही. नवा प्रयोग मागताना तो या निबंधाच्या दाव्यासाठी खरोखर लागतो का, हे स्वतःला विचारावे. आपल्याला कुतूहल आहे म्हणून दुसऱ्याला सहा महिने राबवू नये.

भाषा निबंधाबद्दल असावी, लेखकाबद्दल नसावी. 'लेखकांना मूलभूत संख्याशास्त्र येत नाही' असे न लिहिता 'निवडलेली चाचणी या रचनेला लागू पडत नाही' असे लिहावे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लेखकांच्या इंग्रजीवर सरसकट शेरा मारण्याची सवय आपल्यापैकीही अनेकांना असते. त्याऐवजी ज्या दोन-चार वाक्यांचा अर्थ लागत नाही ती उद्धृत करावीत. स्वतःचे निबंध उद्धृत करायला सांगण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सहीच्या अहवालात ती मागणी सर्वांना दिसते, आणि अनामिक अहवालात तिच्यामुळे समीक्षक ओळखू येतो.

आपल्या कौशल्याची हद्द अहवालातच सांगावी. 'प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीचा भाग मी तपासू शकतो, मिश्र-परिणाम प्रतिमानांचा (शाळांसारख्या गटांचा परिणाम वेगळा धरणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतींचा) भाग संख्याशास्त्रज्ञाकडून पाहून घ्यावा' अशा वाक्याने अहवालाचे वजन वाढते. चॅटबॉटसारख्या साधनांबाबत पत्रिकेचा नियम आधी वाचावा. अप्रकाशित, गोपनीय निबंध अशा साधनात टाकणे म्हणजे विश्वासभंग आहे. निबंध आधीच जाहीर असेल तर गोपनीयतेचा प्रश्न सौम्य होतो, पण ज्या मतावर तुमची सही आहे ते मत तुमचेच असले पाहिजे.

आता नाजूक भाग. आकडे रचलेले वाटले, चित्र दुसरीकडून उचललेले वाटले, नैतिक समितीची मान्यता संशयास्पद वाटली, तर ते जाहीर अहवालात आरोप म्हणून लिहू नये. पुराव्यासह संपादकाला स्वतंत्रपणे कळवावे आणि चौकशी त्यांच्यावर सोपवावी. आरोप चुकीचा निघाला तर निर्दोष माणसाची बदनामी कायमची नोंदली जाते. हा आणि सहभागींची ओळख उघड होण्याचा, या अपवादांखेरीज गोपनीय टिप्पणीचा वापर करू नये. जाहीर अहवालात स्तुती आणि संपादकाला गुपचूप नकाराची शिफारस, हा लेखकाशी आणि वाचकाशी अप्रामाणिकपणा आहे.

निर्णय देणे

एफ१०००रिसर्चवर समीक्षकाला तीनांपैकी एक दर्जा द्यावा लागतो: मान्य, काही आक्षेपांसह मान्य, अमान्य. दोन 'मान्य', किंवा एक 'मान्य' आणि दोन 'आक्षेपांसह मान्य' मिळाले की निबंध पबमेडसारख्या, संशोधन-निबंधांची नोंद ठेवणाऱ्या सूचींकडे जातो. वरच्या उदाहरणात मी 'आक्षेपांसह मान्य' देईन, पण एका अटीवर: दावा वर्णनापुरता मर्यादित करणे शक्य आहे आणि मूळ मोजमापे विश्वसनीय आहेत. मोजमापांवरच विश्वास बसत नसेल तर 'अमान्य' लिहायला कचरू नये. सही असल्यामुळे सगळेच मधला दर्जा देऊ लागले तर त्या दर्जाला अर्थ उरणार नाही.

ईलाइफ या जीवविज्ञानातल्या पत्रिकेने २०२३ पासून स्वीकार-नकार हा प्रकारच सोडला. समीक्षणाला घेतलेला निबंध अहवालांसह प्रसिद्ध होतो आणि त्याबरोबर संपादकीय मूल्यमापन येते, ज्यात निष्कर्षांचे महत्त्व आणि पुराव्याचे बळ ठरलेल्या शब्दांत सांगितलेले असते. पुरावा अपुरा असेल तर तसे छापले जाते.

तुम्ही लेखक असाल तर

निबंध पाठवण्यापूर्वी एक परिणाम नीट समजून घ्यावा. एफ१०००रिसर्चसारख्या ठिकाणी निबंध समीक्षणाआधीच डीओआयसह (निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकासह) प्रसिद्ध झालेला असतो. अहवाल प्रतिकूल आले म्हणून तो काढून दुसऱ्या पत्रिकेकडे पाठवता येत नाही. शिवाय, समीक्षणात उत्तीर्ण होईपर्यंत तो सूचींमध्ये दिसत नाही. ज्यांना नियुक्ती किंवा पदोन्नतीसाठी ठरावीक तारखेपर्यंत सूचीतला निबंध लागतो त्यांनी हे गणित आधी मांडावे आणि आपल्या विद्यापीठात असा निबंध कोणत्या टप्प्यावर ग्राह्य धरतात ते लेखी विचारून घ्यावे. सूचीचे नियमही बदलतात: ईलाइफच्या नव्या पद्धतीमुळे क्लॅरिव्हेट या सूची चालवणाऱ्या कंपनीने २०२४ च्या अखेरीस त्या पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर (तिच्या निबंधांना मिळणाऱ्या सरासरी उद्धरणांचा आकडा) थांबवला.

उत्तर लिहिताना समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उद्धृत करून त्याखाली उत्तर द्यावे, आणि बदल कोणत्या विभागात, कोणत्या परिच्छेदात केला ते सांगावे. 'सूचनेबद्दल आभार, दुरुस्ती केली आहे' हे उत्तर तिसऱ्या वाचकाला काहीच सांगत नाही. वरच्या उदाहरणातला लेखक असे लिहील: "सहा मुली शेवटच्या तपासणीच्या आठवड्यात गावी गेल्या होत्या. तक्ता ३ मध्ये आता भाजक ५४ असा स्पष्ट दिला आहे, आणि त्या सहाही मुलींना रक्तक्षय होता असे धरून केलेले विश्लेषण स्वतंत्र तक्त्यात जोडले आहे." समीक्षक चुकला असेल तर तसे पुराव्यासह, शांतपणे म्हणावे. सगळे आक्षेप मान्य करून निबंध वाकवण्याची मुळीच गरज नसते. खुल्या व्यवस्थेत असहमतीही दोन्ही बाजूंनी नोंदली जाते आणि वाचक स्वतः ठरवू शकतो. रागाच्या भरात लिहिलेले उत्तर दोन दिवस बाजूला ठेवावे, कारण तेही कायम राहणार आहे. सुधारित आवृत्ती आली तरी जुनी आवृत्ती उपलब्धच राहते.

पत्रिका पारखण्यासाठी उपयोग

खुल्या अहवालांचा एक फायदा आपल्याकडे अजून फारसा कोणी घेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर यादी (मान्यताप्राप्त शोधपत्रिकांची यादी), जिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालत असे, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि पत्रिकेचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकाही आपल्या संकेतस्थळावर 'कडक समीक्षण' असे लिहितातच. अहवाल खुले असतील तर हा दावा तपासता येतो: आपल्या विषयातले तीन निबंध निवडावेत, त्यांचे अहवाल वाचावेत, आणि त्यांत निबंधाच्या आशयाला भिडणारा निदान एक तरी आक्षेप आहे का व त्यावरून निबंध बदलला का ते पाहावे. सगळे अहवाल दोन ओळींचे आणि सगळे अनुकूल असतील तर तिथे आपला निबंध पाठवू नये. उलट, अहवाल न छापणारी प्रत्येक पत्रिका वाईट असते असा अर्थ मात्र काढू नये.

काम झाल्यावर

प्रसिद्ध अहवालाला अनेक ठिकाणी स्वतंत्र डीओआय मिळतो, आणि ऑर्किड (संशोधकाच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकाच्या) खात्यात समीक्षणाची नोंद करता येते. आपल्या परिचयपत्रात 'प्रसिद्ध समीक्षण अहवाल' असा वेगळा विभाग करून तो तिथे द्यावा. शोधनिबंधांच्या यादीत मिसळू नये. क्रिएटिव्ह कॉमन्स या पुनर्वापराला मुभा देणाऱ्या परवान्याखालचा अहवाल वर्गात वाचायला देता येतो, आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पद्धती शिकवताना एखादा निबंध, त्यावरचे दोन अहवाल आणि लेखकाचे उत्तर असा संच देणे हे पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. सुधारित आवृत्ती तुमच्याकडे परत आली तर ती टाळू नका: फक्त आपलेच पूर्वीचे मुद्दे समोर ठेवा, लेखकाने काय केले ते तपासा, नव्या भागात नवी चूक शिरली नसेल तर नवे आक्षेप काढू नका, आणि समाधान झाले असेल तर दर्जा बदलून तसे कारणासह लिहा.